काट्यावरची पावती सकाळीच का अडते? वेगवान आणि हळू मेमरीतली पेजेसची ये-जा

धरणगावकडच्या जिनिंग मिलांना काटा-पावती आणि शेतकऱ्यांच्या हिशेबाचं सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या एका तरुण भावाने विचारलंय. प्रश्न थोडक्यात असा: जळगावच्या ऑफिसात त्यांनी एक रिफर्बिश्ड सर्व्हर घेतला. त्यात ९६ जीबी साधी डीरॅम (नेहमीची वेगवान मेमरी) आणि इंटेलच्या १२८ जीबीच्या दोन ऑप्टेन पट्ट्या, म्हणजे २५६ जीबी हळू मेमरी. उबंटू २४.०४ हे लिनक्स, त्याचा गाभा म्हणजे कर्नल ६.८. ऑप्टेन वेगळा न्यूमा नोड (मेमरीचा स्वतंत्र गट) म्हणून दिसते, डिमोशन (न लागणारी पेजेस, म्हणजे मेमरीचे ४ केबीचे तुकडे, हळू नोडवर ढकलणं) चालू आहे, न्यूमा बॅलन्सिंग (लागणारी पेजेस वर, वेगवान नोडवर आणणं) २ वर ठेवलंय. दिवसभर सगळं नीट चालतं. रात्री अकराला जावामधला हिशेबाचा रिपोर्ट सुरू होतो, अडीचच्या सुमारास संपतो. त्याची सर्व्हिस मात्र २४ तास उभीच असते. सकाळी नऊला कापसाचे ट्रॅक्टर काट्यावर लागले की एरवी सेकंदात निघणारी पावती तीन-तीन सेकंद घेते. अकरापर्यंत आपोआप सुधारतं. स्वॅप (मेमरी कमी पडली की डिस्कवर टाकलेला भाग) शून्य, डिस्क शांत. ‘कर्नलला गरम, म्हणजे सतत लागणारी, पेजेस ओळखताच येत नाहीत का? हे टियरिंग, म्हणजे दोन थरांतली ये-जा, बंदच करून टाकू?’

बंद करू नका. कर्नलला ओळखता येतं, फक्त उशिरा येतं. आणि ओळख पटते तेव्हा वर जागा नसते. तुमच्याकडे ह्या दोन्ही गोष्टी एकदम होतायत असं मला वाटतं.

आधी एक चांगली खूण सांगतो, जी तुम्ही नकळत दिली आहे: तीनपट. डीरॅममधून एक वाचन साधारण ८० ते १०० नॅनोसेकंदांत होतं, ऑप्टेनमधून इकडचं-तिकडचं वाचन ३०० च्या आसपास. म्हणजे सगळीच्या सगळी गरम पेजेस हळू मेमरीत जाऊन बसली तरी काम साधारण तीनपट रेंगाळेल. पावतीला वीस सेकंद लागत असती तर मी मेमरीकडे बघितलंही नसतं, डिस्क नाहीतर डेटाबेसमधलं लॉक शोधायला सांगितलं असतं. एक ते तीन हा आकडा मात्र थेट ऑप्टेनकडे बोट दाखवतो.

आता मुळात पेज हलवायला काय पडतं ते बघू. कर्नल ते पेज आपल्या यादीतून बाजूला काढतो, दुसऱ्या नोडवर रिकामी चौकट शोधतो, पेज टेबलमध्ये (कोणतं पेज कुठे आहे त्याच्या नोंदवहीत) तात्पुरती खूण ठेवतो, सगळ्या कोअरना सांगतो की टीएलबीमधला (कोअरने जवळ ठेवलेल्या पत्त्यांच्या यादीतला) जुना पत्ता विसरा, मग ४०९६ बाइट कॉपी करतो आणि नवा पत्ता लिहितो. एवढ्यात एखाद्या थ्रेडने त्या पेजला हात लावला तर तो थ्रेड थांबतो. हे सगळं काही मायक्रोसेकंदांत उरकतं. हिशेबापुरते ५ धरा. पेज वर आणल्यावर दर वाचनामागे वाचतात साधारण २०० नॅनोसेकंद. म्हणजे वर आल्यावर त्याला कॅशबाहेरून (कॅश म्हणजे प्रोसेसरमधली छोटी, अतिवेगवान मेमरी) किमान २५ वेळा हात लागला तर हमाली वसूल. वर जागा करायला दुसरं पेज खाली ढकलावं लागलं तर ५० वेळा. तेही प्रोसेसरच्या कॅशमध्ये न सापडलेलं वाचनच धरायचं. कॅशमध्ये सापडलं तर पेज वर आहे की खाली, कोण विचारतो?

आणि खाली ढकलणं म्हणजे ऑप्टेनवर लिहिणं. एका पट्टीचं वाचन सेकंदाला साडेसहा जीबीच्या घरात जातं, लिहिणं जेमतेम दोनेक जीबी. लोक नेहमी वर आणण्याची काळजी करतात, पण ह्या पट्ट्यांवर दमछाक होते ती खाली टाकताना.

मग कोणाला खाली टाकायचं हे कर्नल कसं ठरवतो? डीरॅममध्ये जागा कमी पडली की केस्वॅपडी, म्हणजे मेमरी मोकळी करणारा कर्नलचा कामकरी, जागा होतो आणि बराच काळ हात न लागलेल्या पेजेसच्या यादीच्या शेपटाकडून उचलायला लागतो. पूर्वी अशी पेजेस थेट टाकून दिली जायची किंवा स्वॅपमध्ये जायची. २०२१ मध्ये आलेल्या कर्नल ५.१५ पासून टाकून देण्याऐवजी ती हळू नोडवर नेता येतात. हात लागला की नाही हे प्रोसेसर पेज टेबलमधल्या एका बिटमध्ये नोंदवतो. पण तो बिट फक्त ‘लागला’ एवढंच सांगतो. एकदा की हजारदा, ते नाही. खाली टाकायला एवढी माहिती पुरते, कारण जिला अजिबात हात लागलेला नाही तीच पेजेस हवी असतात. वर आणायचं कोणाला, हे ठरवायला मात्र ती अगदीच तोकडी.

इथे मला माझ्या मामाची आठवण येते. मामा जळगावच्या सराफ बाजारात एका पेढीवर मुनीम होते. रात्री काचेतले सगळे ट्रे तिजोरीत, सकाळी त्यातले निवडक परत काचेत. काचेत जागा मोजकी. तिजोरीतलं काय वर आणायचं? मामा तिजोरीतल्या डब्यांना साधा सुती दोरा बांधून ठेवायचे, वर बारीक चिठ्ठीवर वेळ. गिऱ्हाइकाला दाखवायला पोराने डबा उघडला की दोरा तुटायचा. दुपारी फेरी मारताना मामा बघायचे: दोरा बांधल्यावर तासाभरात तुटला तर तो डबा उद्यापासून काचेत, चार दिवसांनी तुटला तर राहू दे तिजोरीतच.

कर्नलची युक्ती हुबेहूब हीच आहे. हळू नोडवरच्या पेजेसची परवानगी तो मुद्दाम काढून घेतो. प्रोसेसने हात लावला की फॉल्ट होतो, कर्नल घड्याळ बघतो. परवानगी काढल्यापासून फॉल्टपर्यंत साधारण एक सेकंदाच्या आत हात लागला असेल तर पेज गरम. ही मर्यादा एका जागी खिळलेली नसते, परिस्थिती बघून कर्नल ती कमी-जास्त करतो. वर आणण्याची ही सोय २०२२ च्या ५.१८ मध्ये आली, आणि वेळेवरून गरमपणा जोखणं त्याच वर्षअखेरच्या ६.१ मध्ये. तुम्ही ठेवलेल्या २ चा अर्थ असा की दोरे फक्त तिजोरीतल्या डब्यांना बांधायचे. डीरॅममधल्या पेजेसना त्याचा जाच नाही.

आता तुमची सकाळ ह्या चष्म्यातून बघा.

रिपोर्ट रात्री सुरू होतो आणि डीरॅम खातो. नवी मेमरी मागितली की कर्नल आधी जवळचा, म्हणजे वेगवान नोड बघतो, त्यामुळे जावाचं बिऱ्हाड थाटतं ते नेमकं काचेत. काट्याची सर्व्हिस तेव्हा झोपलेली, तिच्या पेजेसना कोणी हात लावत नाही. ती यादीच्या शेपटाला सरकत जातात आणि मध्यरात्रीपर्यंत बरीचशी ऑप्टेनमध्ये पोचतात. इथपर्यंत कर्नलचं काहीच चुकलेलं नाही. रात्री बारा वाजता त्याला तुमच्या नऊच्या ट्रॅक्टरांची काय कल्पना? उद्या काय लागणार हे आधीच माहीत असेल तर सर्वोत्तम निवड कशी करायची, हे संगणकशास्त्रज्ञ बेलाडी यांनी १९६६ मध्येच मांडून ठेवलंय. अडचण ‘उद्या’ची आहे.

अडीचला रिपोर्ट संपतो. पण जावा मिळालेलं हीप (कामासाठी घेतलेली मेमरी) सहजासहजी परत देत नाही आणि तुमची सर्व्हिस तर उभीच. डीरॅम भरलेलीच राहते, फक्त आता निरुपयोगी पेजेसनी. लग्न लागून गेलं तरी वऱ्हाड मांडवातच, तसं.

अडीच ते नऊ काहीच का सुधारत नाही? इथे बहुतेकांची गफलत होते. दोरे बांधायचं काम कोणी वेगळा पहारेकरी करत नाही. प्रोसेस स्वतः सीपीयूवर चालत असते तेव्हाच, तिच्याच वेळेतून, तिची पेजेस तपासली जातात. झोपलेल्या प्रोसेसची तपासणी होतच नाही. म्हणजे तुमच्या काट्याच्या सर्व्हिसची पहिली खरी फेरी नऊला, पहिल्या ट्रॅक्टरबरोबर सुरू होते.

फेरी सुरू झाली की २५६ एमबीच्या तुकड्यांनी पुढे सरकते आणि पूर्ण प्रोसेस पालथी घालायला जास्तीत जास्त मिनिटभर घेते. हे काही वाईट नाही. वाईट काय, ते एक पेज घेऊन बघू. समजा एका गावच्या शेतकऱ्यांच्या खात्यांचं पेज आहे आणि त्याला सरासरी मिनिटातून एकदा हात लागतो. दोरा बांधल्यावर एक सेकंदाच्या आत तो तुटण्याची शक्यता साठात एक. मिनिटाला एक फेरी धरली तर ते पेज वर यायला सरासरी तासभर. असं एकेक पेज कोमटच असतं, पण कोमट पेजेस लाखोंनी असतात आणि एका पावतीला त्यातली कितीतरी लागतात. तुमचे नऊ ते अकरा बहुधा ह्यातच जातात.

त्यावर दुसरी अडचण, जागेची. एखादं पेज गरम ठरलं आणि वर जागा नसेल तर कर्नल ते पेज तिथेच सोडतो, केस्वॅपडीला उठवतो आणि पुढच्या फेरीची वाट बघतो. केस्वॅपडी जागा करतो ती वॉटरमार्कच्या, म्हणजे मोकळ्या मेमरीसाठी ठरलेल्या खुणांच्या, हिशेबाने. वॉटरमार्क स्केल फॅक्टर मुळात १० असतो, म्हणजे दहा हजारात दहा. तुमच्या ९६ जीबीत दोन खुणांमधलं अंतर जेमतेम १०० एमबी. काचेत एक ट्रे मावेल इतकीच फट ठेवायची आणि तिजोरीतून पन्नास ट्रे आणायचे, असा प्रकार.

आणि आता गंमत बघा. वेगवान नोडवर भरपूर जागा मोकळी असेल, म्हणजे नोडच्या सोळाव्या हिश्शापेक्षा जास्त (निदान १ जीबी तरी), तर कर्नल गरम-कोमट काही बघत नाही. ज्याला हात लागला ते सरळ वर. तुमच्याकडे हा आकडा येतो ६ जीबी. म्हणजे जावाची प्रोसेस रात्रीच मेली असती तर सकाळी डीरॅममध्ये मोकळं रान असतं, एक सेकंदाची अट लागलीच नसती आणि पहिल्या काही मिनिटांत बहुतेक सगळं वर आलं असतं.

म्हणून पहिला उपाय कर्नलचा नाहीच. रिपोर्टची सर्व्हिस कायम उभी ठेवू नका. टायमरवर चालू करा, काम झालं की प्रोसेस संपू द्या.

दुसरा, आणि मला जास्त आवडणारा: रिपोर्ट चालवतानाच न्यूमासीटीएल ह्या कमांडने त्याची मेमरी ऑप्टेनच्या नोडला बांधून टाका. रिपोर्ट अडीचऐवजी समजा साडेचारला संपेल. संपू दे की. त्या वेळी जळगावात कोण जागं असतं पावतीसाठी? काटा डीरॅममध्ये राहील, रात्रीची ढकलाढकली जवळजवळ संपेल. अशी बांधलेली मेमरी न्यूमा बॅलन्सिंग सोडून देतं, त्यामुळे रिपोर्टची पेजेस गरम ठरून वर घुसायचीही भीती नाही. कर्नल अंदाज करतो कारण त्याला सांगणारं कोणी नसतं. तुम्हाला माहीत असलेली गोष्ट त्याला ओळखायला लावू नका.

हे वाचून कोणी उलटं करेल म्हणून सावध करतो: मग काट्याची सर्व्हिसच डीरॅमला बांधली तर? नका करू. बांधताना पेजेस डीरॅममध्ये जन्मतात खऱ्या, पण ६.८ मध्ये डिमोशन ती बांधणी जुमानत नाही. जागा कमी पडली की तीही खाली जातात. आणि बांधलेली असल्यामुळे त्यांना दोरे बांधले जात नाहीत. म्हणजे जायचा रस्ता आहे, यायचा नाही. दुर्गम धडगावला बदली झाली आणि फाइलच हरवली. सर्व्हिसला संरक्षण द्यायचंच असेल तर सिस्टिमडीमध्ये (सर्व्हिसेस सांभाळणाऱ्या प्रोग्राममध्ये) तिच्या युनिटला, आणि ते ज्यात असतं त्या सिस्टिम स्लाइसलाही, मेमरीलो ही सेटिंग लावा, तिच्या नेहमीच्या वापराएवढी. मग दुसरं काही उचलण्यासारखं असेपर्यंत कर्नल तिच्या पेजेसना हात लावत नाही.

तिसरा उपाय वॉटरमार्कचा. स्केल फॅक्टर १० वरून २०० करा. अंतर २ जीबीच्या आसपास जाईल आणि वर येणाऱ्यांना रांगेत उभं राहावं लागणार नाही. बदल्यात पाच-सहा जीबी डीरॅम कायम रिकामी दिसेल. मालक विचारतील, ‘पैसे देऊन घेतलेली मेमरी रिकामी का?’ तेव्हा सांगा, बसस्टँडमध्ये गाडी वळायला जागा ठेवतातच ना.

एक किरकोळ पण उपयोगी गोष्ट: साडेआठला दहा मिनिटं नकली पावत्या काढणारी छोटी स्क्रिप्ट. कालच्याच खात्यांची. फेऱ्या नऊऐवजी साडेआठला सुरू होतील. वरचं काहीच जमलं नाही तर निदान एवढं तरी.

वर आणण्याच्या वेगाला मर्यादाही घालता येते, एमबी प्रति सेकंदमध्ये. मूळ आकडा ६५५३६ आहे, म्हणजे सेकंदाला ६४ जीबी. तुमच्या पट्ट्यांपुढे ही मर्यादा नसल्यातच जमा. ह्यात मी स्वतः तोंडघशी पडलोय. पुण्यात एका कंपनीत होतो तेव्हा गरम पेजेसच डीरॅमपेक्षा जास्त होत्या, आणि मी उत्साहात टियरिंग चालू करून घरी निघालो. भुसावळला उतरायच्या आत फोन. वर आणलेल्या आणि खाली ढकललेल्या पेजेसचे आकडे हातात हात घालून चढत होते. जे वर येत होतं ते कोणाला तरी खाली पाठवून, आणि ते खाली गेलेलंही दहा सेकंदांत परत हवं असायचं. यंत्र हमालीच करत बसलं होतं. टियरिंग बंद केल्यावर ते जास्त वेगाने चाललं. संगणकशास्त्रज्ञ डेनिंग यांनी १९६८ मध्ये वर्किंग सेट (प्रोग्रामला त्या-त्या वेळी लागणारी पेजेस) आणि थ्रॅशिंग (नुसतीच ने-आण) ह्याबद्दल लिहिलं ते हेच, फक्त तेव्हा खाली फिरतं ड्रम किंवा डिस्क असायची. गरम संच वरच्या थरात मावतच नसेल तर कुठलीही हुशारी चालत नाही. तिथे वेगाला ३००-४०० एमबीची वेसण घालायची आणि काही पेजेस खालीच राहणार हे मान्य करायचं. तुमच्याकडे दिवसा सगळं मावतंय, म्हणून ही वेसण आत्ता नको. घातलीत तर सकाळ उलट लांबेल.

दोन गोष्टी तुमच्या प्रश्नात नाहीत, पण पुढे नडतील.

डेटाबेस फाइल वाचतो तेव्हा मजकूर पेज कॅशमध्ये (फाइलींच्या मजकुरासाठी कर्नलने राखलेल्या मेमरीत) येतो. ही पेजेस प्रोसेसच्या पेज टेबलमध्ये जोडलेली नसतात, साध्या रीड कॉलने त्यातून नक्कल दिली जाते. दोरा पेज टेबलमध्ये बांधायचा असतो. नोंदच नाही तर दोरा कुठे बांधणार? त्यामुळे अशी पेजेस खाली जातात पण ह्या वाटेने वर येत नाहीत. डेटाबेसचा स्वतःचा बफर मोठा ठेवा आणि पेज कॅशवर फार विसंबू नका.

दुसरी, २ एमबीची मोठी पेजेस. तपासणी स्वस्त होते, एका दोऱ्यात ५१२ पेजेस. पण त्यातल्या एकाच ४ केबीच्या कोपऱ्याला हात लागला तरी अख्खं गाठोडं गरम ठरतं आणि उचलावं लागतं. एका पट्टीवरून नुसतं वाचायलाच ३०० मायक्रोसेकंद. काट्यासारख्या विखुरलेल्या वापराला मी मोठी पेजेस ‘मागितली तरच द्या’ ह्या पर्यायावर ठेवतो.

ऑप्टेनचं म्हणाल तर इंटेलने २०२२ मध्ये ते गुंडाळलं, म्हणूनच तुम्हाला ते जुन्या बाजारात परवडलं. पट्टी मेली की तशीच दुसरी शोधत फिरावं लागेल, एक जास्तीची आत्ताच घेऊन ठेवा. शिकलेलं वाया मात्र जात नाही. सीएक्सएल ह्या नव्या जोडणीवरची मेमरीही लिनक्सला अशीच, प्रोसेसर नसलेला न्यूमा नोड म्हणून दिसते आणि हेच नियम तिला लागतात. खरं तर सगळं नवंही नाही. मँचेस्टरच्या ॲटलास संगणकात १९६२ मध्येच कोअर मेमरी आणि ड्रम मिळून एकच मेमरी असल्याचा आभास निर्माण केला होता, आणि कोणतं पेज खाली पाठवायचं हे पेजेसच्या वापराच्या नोंदी बघून ठरवणारा प्रोग्राम त्यात होता.

आता करायचं असं. आज रात्री फक्त एकच बदल: रिपोर्ट संपला की जावा बंद. बाकी काही हलवू नका, नाहीतर कशाने फरक पडला ते कळणार नाही. व्हीएमस्टॅटमधले (/proc/vmstat ह्या फाइलमधले) तीन आकडे साडेआठ, नऊ, साडेनऊ आणि दहाला वहीत उतरवा: पीजीडिमोट_केस्वॅपडी (खाली गेलेली पेजेस), पीजीप्रमोट_कँडिडेट (वर येण्याजोगी ठरलेली) आणि पीजीप्रमोट_सक्सेस (वर आलेली). बरोबर न्यूमास्टॅट ह्या कमांडमधून काट्याच्या प्रोसेसची किती मेमरी कोणत्या नोडवर आहे तेही. कँडिडेट वाढतोय पण सक्सेस मागे रेंगाळतोय, तर अडचण जागेची आहे, वॉटरमार्क वाढवा. सक्सेस झपाट्याने वाढून पंधरा मिनिटांत थंडावला, तर काम झालं (वर भरपूर जागा असताना तुमच्या कर्नलमध्ये कँडिडेट मोजला जात नाही, तो हलला नाही तरी चालेल). आणि काट्याची निम्मी मेमरी ऑप्टेनवर असूनही दोन्ही आकडे हलतच नसतील, तर सर्व्हिसची स्टार्टअप स्क्रिप्ट उघडून बघा; आधीच्या कोणीतरी तिथे न्यूमासीटीएलची ओळ टाकून ठेवलेली असेल.